परदेशी विद्या, घरची भाकरी आणि ज्ञातीचे कर्तव्य

आपल्या मंडळाच्या शिक्षणनिधीकडे साहाय्यार्थ येणाऱ्या अर्जांत परदेशी शिक्षणासाठी केलेल्या अर्जांची संख्या अलीकडे वाढत चालली आहे. "या शिक्षणापासून आपणांस कोणता लाभ होईल?" असा एक रकाना अर्जाच्या शेवटी असतो. त्यात बहुतेक विद्यार्थी एकच उत्तर लिहितात, ते असे की, परत आल्यावर चांगली नोकरी मिळेल. हे उत्तर वाचून कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. पोटाचा प्रश्न हा क्षुद्र प्रश्न नव्हे. ज्या घरातून हे अर्ज येतात त्या घरांनी तो प्रश्न जवळून पाहिलेला आहे. परंतु हे उत्तर कितपत खरे आहे, ते कोणाच्या बाबतीत खरे ठरले आणि कोणाच्या बाबतीत फसले, याचा विचार कर्ज काढण्यापूर्वी व कर्ज देण्यापूर्वी झाला पाहिजे. त्यासाठी गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास आपल्यापुढे उघडा आहे. तो थोडक्यात सांगावा आणि त्यावरून आपल्या ज्ञातीने कोणता बोध घ्यावा हे सुचवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समुद्रबंदी आणि सरकारी चाकरी

समुद्रयान करणाऱ्याचा स्वीकार करणे हे आपल्या निबंधकारांनी कलिवर्ज्यांत घातले होते. प्रत्यक्षात कोकणपट्टीवरील खलाशी व व्यापारी समुद्रावर जातच होते. परंतु जो वर्ग विद्येवर उपजीविका करी, त्याच्या बाबतीत ज्ञातीचा डोळा कडक असे. नेमक्या याच वर्गासमोर इंग्रजी अमदानीने एक विलक्षण पेच उभा केला. सनदी नोकरीची स्पर्धापरीक्षा १८५५ पासून सुरू झाली, ती लंडनमध्ये. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे तीत निवडले गेलेले पहिले भारतीय होत. पुढे उमेदवाराच्या वयाची कमाल मर्यादा एकोणिसावर आणण्यात आली. म्हणजे ज्या वयात आपल्याकडील मुलगा कॉलेजचा उंबरठा ओलांडतो, त्या वयात त्याने समुद्र ओलांडून परक्या भाषेत परक्या मुलांशी झुंजावे अशी अपेक्षा होती. ही परीक्षा हिंदुस्थानातही घेतली जाऊ लागली ती १९२२ मध्ये. तोपर्यंत जवळजवळ सत्तर वर्षे कलेक्टरची खुर्ची आणि ज्ञातीची पंगत यांच्यामध्ये समुद्र पसरलेला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

बॅरिस्टरीचीही गोष्ट तीच. त्या पदवीसाठी लंडनच्या इन्समध्ये नाव घालून तेथे राहावे लागे आणि ठरावीक भोजनांस उपस्थित राहावे लागे. विलायतेस जाण्याने नोकरीची वाट खुली होते ही जी समजूत आपल्या समाजात रुजली, तिचे मूळ येथे आहे. विलायतेच्या हवापाण्यात काही जादू होती असे नव्हे. राज्यकर्त्यांनी वरच्या जागांच्या किल्ल्या तेथे ठेवल्या होत्या.

पाऊणशे रुपयांच्या दोन कथा

मोहनदास करमचंद गांधी यांनी आपल्या आत्मकथेत जो वृत्तान्त दिला आहे तो या दृष्टीने प्रत्येक पालकाने वाचण्यासारखा आहे. वडील संस्थानचे दिवाण होते. ते वारल्यावर घराण्याच्या एका स्नेह्याने मातोश्रींस हिशेब मांडून दाखविला. मुलगा बी. ए. होण्यास चार-पाच वर्षे लागतील आणि फार तर साठ रुपयांची जागा मिळेल. विलायतेस धाडले तर तीन वर्षांत बॅरिस्टर होऊन येईल आणि चार-पाच हजार रुपयांत काम भागेल. आजचे पालक जो हिशेब करतात तोच हा हिशेब होय. आकडे मात्र बदलले आहेत.

१८८८ मध्ये हा तरुण मुंबईस आला तेव्हा मोढ वाणी ज्ञातीची सभा भरली. ज्ञातीच्या शेठने त्यास वाळीत टाकले आणि जो कोणी त्यास मदत करील किंवा बंदरावर निरोप देण्यास जाईल त्यास सव्वा रुपया दंड होईल असे फर्मावले. मेव्हण्याकडे ठेवलेले प्रवासाचे पैसे मेव्हण्याने ज्ञातीच्या भयाने देण्याचे नाकारले; अखेर एका स्नेह्याकडून उसने घेऊन तिकीट काढावे लागले. तीन वर्षांनी परत आल्यावर वडील बंधूंनी त्यांस नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडविले आणि राजकोटास ज्ञातिभोजन घातले. तरीही ज्ञातीचा एक तट दूरच राहिला.

इतके सोसून आणलेल्या सनदेचे पुढे काय झाले? मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच दाव्यात साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यास उभे राहिले असता त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, आणि ते खाली बसले. एका शाळेने इंग्रजीच्या शिक्षकासाठी दरमहा पंचाहत्तर रुपयांची जाहिरात दिली होती. त्यांनी अर्ज केला; परंतु ते येथील विद्यापीठाचे पदवीधर नाहीत म्हणून अर्ज नामंजूर झाला. शेवटी राजकोटास लोकांचे अर्ज लिहून देण्यावर महिना सरासरी तीनशे रुपये मिळू लागले, आणि तेही मुख्यतः बंधूंच्या ओळखीमुळे. पुढे १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका व्यापाऱ्यास आपल्या इंग्रज वकिलांस गुजराती हिशेबाचे मर्म समजावून देणारा माणूस हवा होता; तेथे दोन्ही भाषा व दोन्ही व्यवहार जाणणाऱ्या या बॅरिस्टराचा उपयोग झाला. जी सनद मुंबईत निरुपयोगी ठरली होती तीच तेथे कामास आली. याचे कारण एवढेच की, तेथे तिची कोणास तरी गरज होती.

पंचाहत्तर रुपयांची दुसरी कथा आपल्या कोकणातील आहे. दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठात सीनियर रँग्लर झाले. सेंट जॉन्स कॉलेजने त्यांस फेलो निवडले. अशा पुरुषास सरकारी खात्यात भरपूर वेतन मिळते. परंतु ते परत येऊन डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. आजीव सभासदांचे वेतन त्या काळी दरमहा पाऊणशे रुपयांच्या घरात असे. एकास पंचाहत्तर रुपये मागूनही मिळाले नाहीत; दुसऱ्याने तेवढ्यावर संतोष मानला. पगाराच्या आकड्यावरून परदेशी विद्येचे मोल ठरवावयास निघालेल्या मनुष्याने या दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्या.

पदवी समान, पगार असमान

विलायती पदवी असूनही सारे दरवाजे उघडत असत असे नव्हे. जगदीशचंद्र बोस केंब्रिज व लंडन येथील पदव्या घेऊन १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले, तेव्हा हिंदी अध्यापकास इंग्रज अध्यापकापेक्षा कमी पगार देण्याची रीत होती. त्यांनी काम सोडले नाही आणि कमी पगारही घेतला नाही. तीन वर्षे विनावेतन शिकविले. अखेर पूर्ण वेतन मागील थकबाकीसह त्यांस देण्यात आले. पदवी हातात असली म्हणजे हक्काची भाषा बोलता येते, हा त्यातील लाभ. परंतु तो हक्क पदरात पडण्यासाठी तीन वर्षे कळ सोसावी लागली, हेही विसरता कामा नये.

स्त्री-डॉक्टरांची परंपरा

परदेशी शिक्षणाचा सर्वांत निःसंशय उपयोग आपल्या देशात कोणत्या क्षेत्रात झाला असे विचारल्यास आम्ही स्त्रीवैद्यकाकडे बोट दाखवू. पुरुष डॉक्टरास नाडी दाखविण्यासही स्त्रिया संकोचत, आणि बाळंतपणात जीव गमावीत. म्हणजे गरज तयार होती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. परंतु क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांचे वय पुरते बावीस वर्षांचेही नव्हते.

ती रिकामी राहिलेली वाट इतर स्त्रियांनी चालून दाखविली. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाविरुद्ध न्यायालयात लढलेल्या रखमाबाई १८८९ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. त्यांना खर्चासाठी हितचिंतकांनी निधी जमविला आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांस साहाय्य केले. १८९४ मध्ये परत येऊन रखमाबाईंनी सुरतेस व नंतर राजकोटास अनेक वर्षे स्त्रियांच्या रुग्णालयाची धुरा वाहिली. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्तीची जी योजना सुरू केली, तिच्या पहिल्या दोन विद्यार्थिनी म्हणजे फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर, दोघीही डॉक्टर. कृष्णाबाईंनी पुढे कोल्हापूर संस्थानातच सेवा केली. टाटांची शिष्यवृत्ती ही देणगी नव्हे, ते कर्ज आहे. फेडलेल्या पैशातून पुढच्या विद्यार्थ्याची वाट मोकळी होते. ज्ञातिनिधी चालविणाऱ्या आम्हा सर्वांस हा कित्ता गिरविण्यासारखा आहे.

कारखाना अगोदर की पदवी अगोदर?

स्वदेशीच्या चळवळीत तरुणांची दृष्टी इंग्लंडकडून जपान व अमेरिका यांजकडे वळली. वकिली मागे पडून काच, साबण, आगकाड्या यांची विद्या पुढे आली. आपल्या प्रांतात अंताजी दामोदर काळे यांनी दरमाणशी वर्षाला एक पैसा मागून पैसाफंड उभा केला होता. त्या फंडातून १९०८ मध्ये तळेगावास काचेचा कारखाना निघाला, आणि जपान व अमेरिका येथे ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाती त्याचे काम आले. तेथे अनेक तरुण काचकाम शिकून बाहेर पडले. एका माणसाच्या परदेशी शिक्षणाचे फळ असे अनेकांच्या ताटात पडले. कारण पैसा पैसा जमवून लोकांनी भट्टी आधी पेटवून ठेवली होती.

किर्लोस्करवाडीचे उदाहरणही असेच आहे. शंतनुराव किर्लोस्कर १९२२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये गेले आणि १९२६ मध्ये यंत्रविद्येची पदवी घेऊन परतले. लक्ष्मणरावांनी माळरानावर उभारलेला नांगरांचा व चरकांचा कारखाना त्यांच्यासमोर होता. शिकलेले दुसऱ्या दिवशी लेथवर लावून पाहण्याची सोय होती. त्या विद्येतून पुढे इंजिनांचा मोठा धंदा उभा राहिला.

याच्या उलट पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची कथा पाहावी. अमेरिकेत शेतकीशास्त्र शिकलेल्या या वऱ्हाडी क्रांतिकारकास इंग्रज सरकारच्या रोषामुळे मायदेशाचे दार बंद झाले. त्यांची विद्या फळास आली ती मेक्सिकोत. चापिंगो येथील शेतकी विद्यालयात ते प्राध्यापक झाले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी केलेल्या संशोधनाचा तेथील शेतकऱ्यांस लाभ झाला. आपले बी दुसऱ्याच्या शेतात उगवले. त्यात शेताचा दोष नाही आणि बियाचाही नाही.

बडोद्याचा धडा

आता या इतिहासातील सर्वांत कठीण पान. भीमराव रामजी आंबेडकर यांस १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला होता. म्हणजे खर्चाची तरतूद होती, नोकरी ठरलेली होती, आश्रयदाता उदार होता. परदेशी शिक्षणास अनुकूल असे जे जे आम्ही वर सांगितले ते ते सर्व होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एम. ए. केले आणि प्रबंध सादर केला. मग लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास आरंभिला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये ते परतले आणि बडोद्यास रुजू झाले.

त्या शहरात त्यांस राहावयास खोली मिळाली नाही. हिंदू खाणावळींचे दरवाजे बंद होते. एका पारशी विश्रामगृहात ते पारशी म्हणून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक जिना चढून आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत बाहेर पडण्यास फर्मावले. दोन स्नेह्यांकडे त्यांनी आसरा मागितला. तोही मिळाला नाही. शहरातील एका सार्वजनिक बागेत बसून काळ कंठीत त्यांनी मुंबईची गाडी गाठली. कोलंबियाच्या ग्रंथालयात ज्यास कोणी जात विचारली नव्हती, त्यास बडोद्यात पाठ टेकण्यापुरती जागा नव्हती.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठविले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य व एका पारशी मित्राचे कर्ज घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि डी. एस्‌सी. व बॅरिस्टर होऊन परतले. त्यांची विद्या देशाच्या राज्यघटनेत उतरली. परंतु त्या थोरवीच्या प्रकाशात बडोद्याचे ते अकरा दिवस झाकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पदवी कोलंबियाची होती, नोकरी राजाने दिली होती, आणि तरीही ती नोकरी टिकली नाही. कारण मधल्या गल्लीत राहणाऱ्या सामान्य माणसांनी दार उघडले नाही. ही सामान्य माणसे कोण होती? तुमच्या-आमच्यासारखीच ज्ञातीत जन्मलेली, सणवार पाळणारी, भाडेकरू ठेवताना नाव-गाव-जात विचारणारी.

आपल्यापुढील प्रश्न

आता काळ पालटला आहे. समुद्रयानाचे प्रायश्चित्त आज कोणी घेत नाही. ज्या ज्ञातिसभा निरोप देणाऱ्यास दंड करीत, त्यांच्या वंशजांच्या सभा आज विमानतळावर हार घेऊन जातात आणि स्मरणिकेत छायाचित्र छापतात. १९५४-५५ पासून भारत सरकारने अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू केली. बँका शिक्षणासाठी कर्ज देतात. वाट रुंद झाली आहे, आणि म्हणूनच वाटेवर खड्डे कोठे आहेत हे सांगणे वडीलधाऱ्यांचे काम आहे. परदेशी वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्यास २००२ पासून येथील चाळणी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, हे घर गहाण टाकण्यापूर्वी किती पालकांस ठाऊक असते? पंचाहत्तर रुपयांची शिक्षकाची जागा बॅरिस्टरास नाकारणारी ती शाळा आणि आजची ही चाळणी यांत तत्त्वतः फार अंतर नाही. बाहेरची सनद घरच्या मापाने मोजली जाते.

या इतिहासावरून आम्हांस जे दिसते ते असे. परदेशी विद्येने मनुष्य निश्चितच लायक होतो, परंतु लायकीची भाकरी होते ती परतल्यावर. ज्यास परत आल्यावर भट्टी पेटलेली मिळाली, रुग्णालय वाट पाहत असलेले मिळाले, लेथ फिरत असलेला मिळाला, त्याची विद्या लवकर फळली. ज्यास तसे मिळाले नाही, त्यास तीन वर्षे विनावेतन राबावे लागले, अर्ज लिहीत बसावे लागले, किंवा परदेशालाच आपले ज्ञान द्यावे लागले.

म्हणून आपल्या शिक्षणनिधीच्या चालकांस आमची नम्र सूचना अशी आहे की, अर्जदारास केवळ "कोठे जाणार?" असे न विचारता "परत येऊन कोणते काम करणार, आणि ते काम येथे कोण करीत आहे?" असे विचारावे. साहाय्य शक्यतो टाटांच्या धर्तीवर कर्जाऊ द्यावे, म्हणजे आजचा विद्यार्थी उद्याच्या विद्यार्थ्याचा ऋणदाता होईल. ज्ञातीत जे कारखानदार, डॉक्टर, इंजिनिअर आहेत त्यांनी परतलेल्या एका तरी विद्यार्थ्यास वर्षभर आपल्याजवळ घ्यावे. जो शिकून आला आणि रिकामा बसला त्यास टोमणे मारण्यात आपल्या समाजाचा हातखंडा आहे. त्याऐवजी त्यास एक ओळखीची चिठ्ठी द्यावी. राजकोटास अर्ज लिहिणाऱ्या त्या तरुण बॅरिस्टरास बंधूंच्या ओळखीनेच तारले होते.

शेवटची सूचना ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिणे काहींस रुचणार नाही; तरीही ती लिहिणे आम्हांस भाग आहे. आपण आपल्या मुलांसाठी परदेशात घर शोधतो, तेथे कोणी जात-धर्म विचारून दार लावले तर संतापतो, आणि तो संताप योग्यच आहे. मग आपल्या स्वतःच्या वाड्यात, आपल्या गृहसंस्थेत, आपल्या कचेरीत, परदेशातून किंवा शेजारच्या तालुक्यातून शिकून आलेला दुसऱ्या ज्ञातीचा तरुण खोली वा नोकरी मागावयास आला असता आपण त्यास प्रथम काय विचारतो, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासून पाहावे. १८८८ चा सव्वा रुपया दंड आपण केव्हाच माफ केला. १९१७ मध्ये बडोद्यात जे दार लागले ते मात्र अजून पुष्कळ ठिकाणी तसेच लागलेले आहे, आणि ते उघडण्यासाठी कोणत्याही निधीची, शिष्यवृत्तीची किंवा विलायती पदवीची आवश्यकता नाही.